एकाच कढईतला खिमा-पास्ता आणि पाण्याचा हिशेब

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देतो आहे हे स्पष्ट राहील. आपण ठाण्यात राहता, फोर्टातल्या कचेरीतून लोकलने घरी पोहोचेपर्यंत आठ वाजून जातात, घरात आठ वर्षांची मुलगी भुकेली असते, आणि एका अमेरिकन चित्रफितीत पाहिलेले ‘एकाच पॅनमधले अर्ध्या तासाचे बीफ-पास्ता’ हे जेवण आपण दोनदा करून पाहिले. पहिल्या खेपेला खिमा राखाडी आणि पाणचट झाला व मॅकरोनीची लापशी झाली. दुसऱ्या खेपेला घाबरून पाणी कमी घातले, तर तळ करपला आणि मॅकरोनीत कणी राहिली. आता आपण विचारता की पास्ता वेगळा उकडून घेणे हाच यावरचा उपाय आहे का, आणि मुंबईत ‘बीफ’ म्हणून नेमके काय आणायचे.

मी मूळचा वसईचा. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतले एक उपाहारगृह बावीस वर्षे चालवले आणि अजूनही काही घरांचे रात्रीचे डबे करतो, त्यामुळे हा पदार्थ मी दहा माणसांसाठीही केला आहे आणि घरी दोघांसाठीही. माझे मत असे की पास्ता वेगळा उकडण्याची गरज नाही आणि आपला हातही बिघडलेला नाही. दोन्ही वेळा चुकला तो पाण्याचा हिशेब. पहिल्या वेळी मांसातले पाणी हिशेबात धरले नव्हते आणि दुसऱ्या वेळी वाफ होऊन जाणारे पाणी. या पदार्थाकडे आपण ‘पास्ता’ म्हणून पाहतो, म्हणून भरपूर पाण्यात उकडून निथळण्याची इटालियन रीत डोक्यात येते. प्रत्यक्षात त्याचे नाते आपल्या चकोल्यांशी, म्हणजे वरणफळांशी आहे, किंवा मसालेभाताशी आहे. तिथे आपण पाणी ओतून देत नाही. जे घालतो ते सगळे भांड्यातच जिरते किंवा उडते, आणि म्हणून ते मोजावे लागते.

मूळ कृतीविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण अर्धा घोटाळा तिथे आहे. अमेरिकेत १९७१ साली जनरल मिल्स या कंपनीने ‘हॅम्बर्गर हेल्पर’ नावाचा खोका देशभर विक्रीला आणला. त्यात कोरडा पास्ता आणि मसाल्याची भुकटी असे, घरच्याने फक्त एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम खिमा, पाणी आणि काही वेळा दूध घालायचे. आज चित्रफितींत दिसणाऱ्या बहुतेक कृती त्याच घराण्यातल्या आहेत. त्यांनी गृहीत धरलेला खिमा गायी-बैलाचा असतो आणि त्यात पुष्कळदा वीस टक्के चरबी असते. म्हणूनच ‘खिमा परता आणि सुटलेले तूप काढून टाका’ ही सूचना त्यांत हमखास येते. आपण तो खिमा आणत नाही, त्यांचा डबाबंद टोमॅटो आणत नाही आणि आपली शेगडीही त्यांच्यासारखी नसते. तरीही आपण त्यांची मापे मात्र जशीच्या तशी घेतो.

मांसाचे आधी सांगतो. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी होतीच. २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस-रेड्याचे मांस मात्र चालते. त्यामुळे मुंबईत आज खाटकाकडे ‘बीफ’, ‘बडे का’ किंवा आपल्याकडे ‘मोठ्याचे’ म्हणून जे मिळते ते म्हशीचे किंवा रेड्याचे असते. या मांसाचा रंग गडद असतो, चरबी पांढरीशुभ्र असते आणि मुख्य म्हणजे चरबी कमी असते. यामुळे इथे तूप निथळून टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उलट दोन मोठे चमचे तेल आपल्यालाच घालावे लागते, नाहीतर खिमा भुशासारखा कोरडा लागतो. मी खाटकाला मांडीचा किंवा खांद्याचा तुकडा दाखवायला सांगतो, त्यात किलोला शंभर ग्रॅमच्या अंदाजाने चरबी टाकायला लावतो आणि समोर खिमा काढून घेतो. एकदाच काढलेला, जरा जाडसर खिमा चांगला, कारण दोनदा काढलेला बारीक खिमा परतताना पिठूळ होतो आणि पाणीही जास्त सोडतो.

इथेच धुण्याचा विषय येतो, आणि यावर घरोघरी वाद होतात याची मला कल्पना आहे. आपल्याकडे मांस धुतल्याशिवाय चुलीवर चढत नाही. पण खिमा धुतला की तो स्पंजासारखा पाणी धरून बसतो, आणि आपली पहिली फजिती बहुधा त्याच पाण्याने केली असावी. स्वच्छतेच्या दृष्टीनेही त्यात फायदा नाही, कारण वरवरचे जंतू खिमा काढताना आतपर्यंत मिसळलेले असतात. धुण्याने ते जात नाहीत, फक्त शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात. त्यांना मारते ती उष्णता. खिम्याच्या बाबतीत तो आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला पोहोचावा हा प्रचलित दंडक आहे, आणि आपल्या पदार्थात तो उकळत्या रसात दहा-बारा मिनिटे राहत असल्याने ती अट सहज पूर्ण होते. तेव्हा धुवायचेच असेल तर अखंड तुकडा खाटकाकडेच धुऊन, पुसून मग खिमा काढून घ्यावा. घरात धुतल्याशिवाय कोणी जेवणारच नसेल, तर बारीक जाळीच्या गाळणीत धुऊन, हाताने दाबून, पंधरा-वीस मिनिटे फ्रिजमध्ये निथळत ठेवावा. मुंबईच्या दमट हवेत तो ओट्यावर निथळत ठेवू नये.

आता परतण्याकडे येतो. चव इथे घडते, म्हणून यावर थोडे थांबतो. खिम्याला जो खमंग तपकिरी रंग आणि वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे वेगाने येऊ लागतो, आणि भांड्यात पाणी आहे तोवर मांसाचे तापमान शंभराच्या वर जात नाही. कच्च्या मांसात वजनाच्या जवळजवळ पाऊण भाग पाणी असते, म्हणजे ३०० ग्रॅम खिम्यात दोनशे ग्रॅमहून अधिक पाणी आहे. ते सगळेच बाहेर येत नाही, पण थंड भांड्यात सगळा खिमा एकदम टाकून सारखे ढवळत राहिले की बरेचसे सुटते आणि त्यातच खिमा शिजतो. हे पाणी उडवायला किती उष्णता लागते याची कल्पना नसते, म्हणून सांगतो: तेवढेच पाणी साध्या तापमानापासून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सात पट ते वाफ करून घालवायला लागते. घरच्या शेगडीला ते काम झेपत नाही असे नाही, पण वेळ लागतो. तोवर खिमा राखाडी, चिवट आणि उदास झालेला असतो.

म्हणून मी असे करतो. पसरट कढई किंवा जाड बुडाची लंगडी रिकामीच मोठ्या आचेवर दोन मिनिटे तापवतो, तेल घालतो, आणि खिमा मोकळा न करता थालीपीठ थापल्यासारखा पसरून टाकतो. त्यानंतर तीन-चार मिनिटे त्याला हात लावत नाही. हे ऐकायला सोपे आहे, पण नवख्या माणसाला सगळ्यात अवघड जाते ते हेच, कारण हातात उलथणे असले की ते चालवल्याशिवाय राहवत नाही. उपाहारगृहात मी नव्या पोरांच्या हातातून झारा काढून घेत असे. खालची बाजू गडद तपकिरी झाली आणि कडेने चुरचुर आवाज यायला लागला की मोठमोठे तुकडे उलटवायचे, आणखी दोन मिनिटे द्यायची आणि मगच उलथण्याच्या धारेने फोडायचे. सगळा खिमा तपकिरी व्हायला हवा असा हट्ट नको. निम्मा झाला तरी पुरे, कारण त्याची चव पुढे रसात उतरतेच, आणि उरलेला अर्धा मऊ राहतो. भांडे लहान असेल तर खिमा दोन वेळा करून परतावा. मीठ या टप्प्यावर घालू नये, कारण मिठाने पाणी लवकर सुटते. घाई असेल तर तीनशे ग्रॅम खिम्याला अगदी एक चिमूट खायचा सोडा चमचाभर पाण्यात कालवून चोळून दहा मिनिटे ठेवला, तर पाणी कमी सुटते आणि रंग लवकर चढतो. पण चिमटीचा अर्धा चमचा झाला तर साबणाची चव येते, म्हणून हा उपाय मी अंदाज असलेल्या हातालाच सांगतो.

भांड्याविषयी फार काही नाही. स्टीलची तिपदरी किंवा हार्ड अॅनोडाइज्ड कढई उत्तम. बिडाच्या कढईत खिमा सुंदर परततो, पण टोमॅटो त्यात पाऊण तास उकळला तर लोखंडाची चव आणि काळसर रंग उतरतो. आपले काम वीस मिनिटांत होणार असल्याने मुरलेली कढई चालेल, फक्त उरलेले अन्न तिच्यात ठेवू नये. नॉनस्टिकमध्ये तळ लागत नाही हे खरे, पण ती रिकामी मोठ्या आचेवर तापवायची नसते, म्हणजे वरचा सगळा विधी तिच्यात करता येत नाही. भांड्याची रुंदी मात्र महत्त्वाची आहे: तिघांच्या जेवणाला तळ २६ ते २८ सेंटिमीटर हवा.

खिमा परतून झाला की तो एका ताटलीत काढून, त्याच तेलात दोन मध्यम कांदे बारीक चिरून घालावेत. तळाला चिकटलेला तपकिरी थर कांद्याच्या ओलाव्याने सुटतो, तो खरवडून घ्यावा, कारण सगळा मसाला तिथेच आहे. कांदा पूर्ण मऊ झाल्याशिवाय टोमॅटो घालू नये. टोमॅटोच्या आंबटपणात कांदा पुढे मऊ होत नाही आणि मॅकरोनीबरोबर तो कचकच लागतो. आले-लसूण, तिखट, जिरेपूड हे आपल्या आवडीप्रमाणे घालावे. आमच्या घरी बाटली मसाला घालतात, म्हणजे ईस्ट इंडियन लोक, मुंबई-वसईकडचे मूळचे ख्रिस्ती, उन्हाळ्यात भाजून-कुटून बिअरच्या बाटल्यांत ठासून भरून ठेवतात तो. दीड चमचा पुरतो. ज्यांना इटालियन वास हवा त्यांनी ओरेगॅनो घालावा, माझी हरकत नाही, पण मुंबईच्या टोमॅटोला आणि म्हशीच्या खिम्याला मसाला अधिक मानवतो असे माझे प्रामाणिक मत आहे. टोमॅटो तीनशे ग्रॅम, म्हणजे तीन-चार, किसणीवर किसून साल टाकून द्यावी. बाजारचे संकरित टोमॅटो रंगाने लाल असले तरी पाणचट असतात, म्हणून त्यात दोन मोठे चमचे टोमॅटो प्युरी घालतो. ती नसली तर चमचाभर केचप चालते. हे मिश्रण कडेने तेल सुटेपर्यंत, साधारण पाच मिनिटे परतावे आणि खिमा परत आत टाकावा.

आता तो हिशेब. तिघांसाठी २०० ग्रॅम कोरडी मॅकरोनी धरू. पास्ता शिजून आपल्या वजनाच्या सव्वादोन पटींच्या आसपास जातो, म्हणजे २०० ग्रॅम मॅकरोनी साधारण २५० मिलिलिटर पाणी पिते. बारा मिनिटांच्या शिजण्यात, झाकण थोडे तिरके ठेवले असता, माझ्या कढईतून दीडशे ते दोनशे मिलिलिटर वाफ होऊन जाते. शेवटी पास्त्याला अंगासरसा रस राहायचा तर आणखी दीडशे-पावणेदोनशे हवे. बेरीज सहाशेच्या घरात जाते. परतून आटलेल्या टोमॅटोत अजून सव्वाशे-दीडशे मिलिलिटर पाणी शिल्लक असते, ते वजा केले की वरून घालायचे पाणी ४५० मिलिलिटर उरते. हा आकडा पाठ करण्यासाठी दिलेला नाही. यातला दुसरा भाग, वाफेचा, प्रत्येक घरात वेगळा असतो: कढई किती रुंद, झाकण कसे बसते, शेगडीचा कोणता बर्नर, यावर तो अवलंबून आहे. म्हणून एखाद्या रविवारी आपल्या कढईत ५०० मिलिलिटर पाणी उकळायला ठेवा, पास्त्याला ठेवाल तशी आच आणि तसेच झाकण ठेवा, उकळी आल्यापासून बारा मिनिटांनी उरलेले पाणी मोजा. जेवढे कमी झाले तेवढा आपल्या कढईचा खर्च. दुसऱ्या वेळी आपला तळ करपला तो हाच खर्च न धरल्यामुळे, याबद्दल माझ्या मनात फारशी शंका नाही.

पाणी कढतेच घालावे, आधणासारखे. खिमा परतत असतानाच शेजारच्या बर्नरवर किंवा किटलीत ते उकळून ठेवावे. थंड पाणी ओतले की भांडे निवते, आणि पुन्हा उकळी येईपर्यंतची पाच-सहा मिनिटे पास्ता कोमट पाण्यात भिजत पडतो. पिठातला स्टार्च साठ अंशांच्या आसपास फुगायला लागतो, त्यामुळे उकळी येईपर्यंत पास्त्याचा बाहेरचा थर चिकट झालेला असतो आणि आत मात्र कणी तशीच असते. चकोल्या आपण उकळत्या वरणात सोडतो, थंड वरणात नाही, त्यामागचे कारणही हेच. मीठ पाण्याबरोबर घालावे, पण उकडून निथळण्याच्या पास्त्यासारखे सढळ हाताने नको, कारण इथले मीठ निथळून जात नाही. सपाट एक चमचा, आणि शेवटी चीज पडणार असेल तर त्याहूनही थोडे कमी.

पास्ता कोणता, यावर निम्मे यश अवलंबून आहे. पुडक्यावर ड्युरम गव्हाचा रवा असे लिहिलेले असावे. ड्युरम म्हणजे कठीण जातीचा गहू, आपला बन्सी गहू याच कुळातला. त्यातल्या प्रथिनांची जाळी घट्ट असते, ती स्टार्चला धरून ठेवते. किराणा दुकानात सुटी मिळणारी स्वस्त मॅकरोनी पुष्कळदा साध्या गव्हाच्या रव्याची किंवा मैद्याची असते. निथळून करायच्या पदार्थात ती चालून जाते, एकाच भांड्यात मात्र दोन मिनिटे जास्त झाली की तिची खीर होते. आपली लापशी झाली त्या दिवशीचे पुडके अजून घरात असेल तर एकदा वाचून पाहा. आकाराने मॅकरोनी, शंख किंवा पेने असे आखूड नळीचे प्रकार घ्यावेत. स्पॅगेटी या कामाला घेऊ नये, ती मोडावी लागते आणि मोडूनही गुंता करते. पुडक्यावर ८ मिनिटे लिहिले असेल तर टोमॅटोच्या आंबट, दाट रसात ११ ते १२ मिनिटे धरावीत, कारण आंबटात पास्ता हळू मऊ होतो. बरेच लोक पुडक्यावरच्या वेळेला गॅस बंद करतात आणि कणी राहिली म्हणून पुन्हा पाणी ओततात, मग ते पाणी आटवता आटवता पास्ता मोडतो.

पास्ता उकळत्या रसात टाकला की सगळा पाण्याखाली जाईल असा दाबून, पहिल्या दोन मिनिटांत तीन-चारदा तळापासून ढवळावा. चिकटण्याचा धोका त्याच वेळी असतो. पुढे आच मध्यमपेक्षा कमी करून दर तीन मिनिटांनी एकदा, कडेने, हलक्या हाताने. सतत घोटल्याने पास्त्यावरचा स्टार्च रसात उतरतो, रस पिठल्यासारखा होतो आणि दाट रस तळाला धरतो. ज्यांची कढई पातळ बुडाची आहे किंवा आच फार कमी करता येत नाही, त्यांनी आपल्या आजीची युक्ती वापरावी: झाकण म्हणून ताट पालथे न घालता उताणे ठेवावे आणि त्यात पेलाभर पाणी ओतावे. ताटाचा तळ थंड राहतो, वाफ त्याला लागून पुन्हा खाली पडते, आणि ताटातले पाणी हळूहळू गरम होत असल्याने रस कमी वाटला तर तेच वरून घालायला मिळते. सुरणाच्या भाजीला आणि सुक्या मटणाला आपण हे पिढ्यान्पिढ्या करत आलो आहोत. या पास्त्याला त्याहून सोयीची दुसरी रीत मला अजून सापडलेली नाही. मात्र असे झाकण ठेवले तर वाफेचा खर्च निम्म्यावर येतो, तेव्हा सुरुवातीचे पाणी ४५० ऐवजी ३५०च घ्यावे.

नवव्या मिनिटाला एक मॅकरोनी काढून दाताखाली धरावी. मध्ये तांदळाच्या कणीएवढा कडकपणा लागला तर गॅस बंद करायची वेळ जवळ आली आहे, कारण भांडे उतरवल्यावरही पास्ता रस पीतच राहतो. हे मी महाग किंमत देऊन शिकलो. उपाहारगृहात पहिल्यांदा चाळीस ताटांची मॅकरोनी केली तेव्हा ती अगदी बेताची शिजवून, गरम राहावी म्हणून घट्ट झाकून अर्धा तास ठेवली, आणि वाढायला घेतली तेव्हा सुरीने कापावी लागेल असा गिच्च गोळा झाला होता. तेव्हापासून रस पास्त्यापेक्षा बोटभर जास्त दिसत असतानाच मी गॅस बंद करतो आणि पाच मिनिटे तसेच ठेवतो. वाढेपर्यंत तो बरोबर अंगासरसा होतो.

चीज किंवा दूध-साय घालायची असेल तर ती गॅस बंद केल्यावरच घालावी. उकळत्या आंबट रसात दूध फाटते आणि मुरलेले चीज तेल सोडून दोऱ्या धरते. प्रक्रिया केलेले चीज, म्हणजे अमूलचा साधा क्यूब, इथे उलट सोयीचा ठरतो, कारण त्यात घातलेल्या क्षारांमुळे ते फुटत नाही, सायीसारखे मिसळते. तिघांना दोन क्यूब किसून पुरतात. हे चीज कमी प्रतीचे म्हणून नाक मुरडणारे लोक मला भेटतात. त्यांनी महागडे चीज तव्यावरच्या टोस्टवर जरूर खावे.

आठ सव्वाआठला घरी आल्यावर हे सगळे कसे बसते, ते एकदा वेळेनुसार सांगतो. हात-पाय धुऊन आल्याबरोबर किटलीत पाणी आणि शेगडीवर कढई. खिमा पसरला की त्या तीन-चार मिनिटांत, म्हणजे त्याला हात न लावण्याच्या काळात, कांदा चिरून होतो. खिमा उलटवून, फोडून बाजूला काढला की साधारण आठ मिनिटे झालेली असतात. कांद्याला पाच-सहा, टोमॅटो किसून परतायला आणखी सहा-सात. विसाव्या मिनिटाला आधणाचे पाणी आणि पास्ता. मग बारा मिनिटे झाकण आणि अधूनमधून ढवळणे, त्यात काकडी चिरून होते आणि मुलीचा गृहपाठही बघून होतो. पाच मिनिटे विसावा. सदतीस-अडतीस मिनिटे. चित्रफितीतला अर्धा तास विसरावा, त्यात चिरलेला कांदा वाटीत तयार असतो.

अर्धा तास हीच मर्यादा असेल तर रविवारची तयारी कामाला येते. किलोभर खिमा आणून, वर सांगितल्याप्रमाणे तीन-चार वेळा करून परतून, त्यातच कांदा-टोमॅटो आटवून घ्यावे, पसरट थाळीत लवकर निववावे आणि तीन भाग करून प्लास्टिकच्या पिशव्यांत बोटभर जाडीचे सपाट थर करून फ्रीझरमध्ये टाकावेत. सपाट थर पाण्यात ठेवला तर पंधरा-वीस मिनिटांत सुटतो, गोळा करून ठेवलेला खिमा मात्र तासभर दगडच राहतो. कच्चा खिमा फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवायचा असेल तर दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवू नये. परतलेला असला की आल्यावर फक्त पाणी, पास्ता आणि बारा मिनिटे.

प्रेशर कुकरमध्ये हे सगळे एकदम करता येईल का, असेही आपण शेवटी विचारले आहे. करतात लोक, आणि काहींना जमतेही. मी करत नाही. एक तर पाणी किती उरले ते दिसत नाही, आणि हा सगळा पदार्थ पाणी बघत करायचा आहे. दुसरे म्हणजे पास्त्याचा फेस शिट्टीच्या नळीत चढून ती चोंदण्याचा धोका असतो. कुकर वापरायचाच असेल तर खिमा नव्हे, मांसाचे तुकडे असतील तेव्हा वापरावा. म्हशीचे तुकडे एकट्याने, मीठ-आले लावून, चार-पाच शिट्ट्या आणि मग मंद आचेवर पंधरा मिनिटे. त्याचे पाणी फेकू नये, तेच मोजून पास्त्याला घ्यावे.

मोठ्याचे मांस घरात चालत नसेल, किंवा त्या दिवशी मिळाले नाही, तर बोकडाचा खिमा याच कृतीने होतो. त्यात चरबी जास्त असल्याने तेल एक चमचाच घालावे. पास्ता टाकण्यापूर्वी पाणी घालून तो दहा मिनिटे आधी शिजवून घ्यावा लागतो, आणि त्या दहा मिनिटांच्या वाफेचे सव्वाशे-दीडशे मिलिलिटर पाणी हिशेबात वाढवावे लागते. कोंबडीच्या खिम्याला तपकिरी रंग येईपर्यंत थांबले तर तो रबरी होतो. तो गुलाबीपणा जाईपर्यंतच परतून काढून ठेवावा आणि पास्ता निम्मा शिजल्यावर परत टाकून पूर्ण शिजू द्यावा.

उरलेला पास्ता मुलीच्या दुसऱ्या दिवशीच्या डब्यात द्यायचा असेल तर जेवणे झाल्याबरोबर, तो कढईत निवत पडू न देता, उथळ डब्यात काढून फ्रिजमध्ये टाकावा. सकाळी तो घट्ट झालेला दिसेल. पॅनमध्ये पाव वाटी कढत पाणी आणि चमचाभर तेल उकळून त्यात तो सोडावा, झाकण ठेवून चांगली दणदणीत वाफ येऊ द्यावी, आणि डबा भरण्यापूर्वी पाच मिनिटे उघडा ठेवावा, म्हणजे झाकणाला धरलेल्या वाफेचे पाणी पुन्हा त्याच्यावर पडणार नाही.